अर्धा कोबी

त्यांचं नाव शालिनी तळेकर. पण आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना त्या नावाने कोणी ओळखत नसे. सगळ्यांच्या त्या धाकट्या ताई. कारण घरात थोरल्या ताईही होत्या. दोघी बहिणी, दोघींचीही लग्नं झालेली नव्हती. थोरल्या घर सांभाळायच्या, धाकट्या टेलिफोन खात्यात नोकरी करायच्या. मुलुंड पूर्वेला आमची जुनी चार मजली इमारत होती, बिनलिफ्टची. तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोरचं दार त्यांचं.

धाकट्या ताई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात थोरल्या गेल्या. सकाळी स्वयंपाक केला, दुपारी जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यानंतरही धाकट्या ताई धाकट्याच राहिल्या. साठी ओलांडलेली, केस पांढरे झालेली ती बाई कोणाच्या मानाने धाकटी, हे सांगायला नव्याने राहायला आलेल्यांना थोडा वेळ लागायचा.

थोरल्या गेल्यावर काही आठवड्यांनी एका सकाळी आमची बेल वाजली. सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, दार उघडलं. धाकट्या ताई ताटात अर्धा कोबी घेऊन उभ्या. कापलेली बाजू खाली.

“सुनीता, हा घेशील का गं? मला अख्खा संपत नाही. उद्यापर्यंत पिवळा पडेल. हात धुवून कापलाय.”

“अहो ताई, हे काय सांगायचं!” सुनीता म्हणाली. “आत या ना, चहा टाकते.”

“नको, गॅसवर भाजी आहे,” म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचं दार बंद झाल्यावर सुनीता मला म्हणाली, “अरे, यांना स्वयंपाक येतो तरी का? आयुष्यभर डबा घेऊन ऑफिसला गेल्यात त्या.”

येत नव्हता. त्या शिकत होत्या, आणि एकट्यापुरता शिकत होत्या. हे फार अवघड असतं, असं त्या पुढे आम्हाला सांगायच्या. “चौघांचा स्वयंपाक कोणीही शिकवेल. एकटीच्या आमटीला डाळ किती घ्यायची ते कोणी सांगत नाही. मुठीत घेतली तर जास्त होते, चमच्याने घेतली तर भांड्याच्या तळाला दिसतसुद्धा नाही.” बाजारातही तेच. मेथीची जुडी, दुधी, नारळ, सगळं घर भरलेलं असल्यासारखं. भाजीवाला पाव किलोच्या खाली वजन करायला तयार नसे. मासळीबाजारात त्या आपला स्टीलचा डबा घेऊन जायच्या आणि एक बांगडा मागायच्या. कोळीण एकदा वैतागून म्हणाली, “मावशी, एका बांगड्यासाठी सुरी ओली करू?” ताईंनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. हसणं संपल्यावर म्हणाल्या, “दोन घेतले मग. दुसरा दोन दिवस खाल्ला.”

पुढे अर्ध्या कोबीची पद्धतच पडली. अर्धा दुधी, अर्धी मेथी, नारळाची एक वाटी. कधी आमच्या दारात, कधी खालच्या मजल्यावर. घेणारा नाही म्हणाला तर त्यांना राग यायचा नाही, पण त्या उगाच थोडा वेळ दारात उभ्या राहायच्या. मग सुनीताने एक युक्ती काढली. ती स्वतःच त्यांच्याकडे जाऊन म्हणायची, “ताई, आज लाल भोपळा आणायचाय, अर्धा घ्याल?” तेव्हा ताईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

त्यांना वाया घालवणं जमायचं नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या त्या धुवून खिडकीतल्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायच्या. खालून बघितलं की कोणाचे तरी पांढरे रुमाल वाळताहेत असं वाटायचं. वाळल्यावर घड्या घालून भंगारवाल्याला द्यायच्या. नारळाच्या शेंडीने भांडी घासायच्या. दुधीच्या सालांची चटणी, शिळ्या पोळीचा चुरा, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालिपीठं. थालिपीठं पहिल्यांदा बिघडली होती. तशीच घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “फसलीयत. पण उपाशी नाही राहणार खाऊन.” आम्ही खाल्ली. खरंच फसली होती.

‘कचरा’ हा शब्द त्यांना चालत नसे. जिन्यात कोणी पिशवी घेऊन उतरताना भेटलं की विचारायच्या, “काय नेतोस रे?”

“कचरा, ताई.”

“तो झाला सगळा मिळून. त्यात काय आहे ते सांग. टाकायच्या आधी एकेकाचं नाव घे.”

मग माणूस अडखळत नावं घ्यायचा. बटाट्याची सालं, चहाचा चोथा, दोन पाव, काल मागवलेली पनीरची भाजी अर्धी. पाव आणि पनीरपर्यंत आला की आवाज खाली जायचा. ताई नुसत्या “बरं,” म्हणून वर जायच्या. पण हे काही सगळ्यांना झेपणारं नव्हतं. लोक दाराच्या भोकातून जिना बघूनच पिशवी बाहेर काढू लागले. चौथ्या मजल्यावरची एक मुलगी तर म्हणायची, “आज सुटले, ताई बाल्कनीत होत्या.” ताईंना हे कळत असणार. एकदा मला म्हणाल्या, “मिलिंद, मी विचारते ते त्रास द्यायला नाही रे. दिवसात कोणाशी तरी दोन वाक्यं होतात.”

त्या आणि थोरल्या ताई घरात मालवणी बोलायच्या. आमच्याशी, ऑफिसात, बाजारात सगळीकडे इतरांसारखी मुंबईची मराठी. थोरल्या गेल्या आणि त्यांच्या घरातली मालवणी थांबली. गावाहून कोणी चुलतभाऊ फोन करायचा तेव्हा समोरच्या बंद दाराआडून “होय रे, बरी आसय, माका काय्येक नको,” असं ऐकू यायचं. फोन पाच मिनिटांत संपायचा.

गच्चीवरची खताची पिंपं त्यांनी कशी सुरू केली, ते आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन निळी पिंपं, भोकं पाडलेली. खालच्या सुताराकडून भुसा, झाडलोट करणाऱ्या बाईकडून सुका पाला, घरचं आंबट ताक. रोज सकाळी ओला कचरा, म्हणजे नावं असलेला, त्यात टाकायच्या आणि काठीने ढवळायच्या. मग हळूहळू इतरांनाही सांगू लागल्या. “शिजलेलं नको. प्लॅस्टिक नको. फक्त सालं, देठं, चोथा.” सुनीता द्यायला लागली, खालच्या मजल्यावरच्या दोन घरांतून डबे यायला लागले. काही महिन्यांनी ताईंनी सगळ्यांना कुंडीसाठी काळीभोर माती वाटली. माती पाटावर ओतून त्यातून एखादी काडी वेचून काढत होत्या, तांदूळ निवडावेत तसं.

एकदा रविवारी मी टाकीचा व्हॉल्व्ह बघायला गच्चीत गेलो. ताई पाठमोऱ्या होत्या. पिंपात हात घालून म्हणत होत्या, “बघ गे माई, कसा गरम झाला ता!”

माई म्हणजे थोरल्या ताई. मी व्हॉल्व्ह न बघताच खाली आलो. सुनीताला सांगितलं. ती भांडी पुसत होती. मग म्हणाली, “मला माहितीये. त्यांनी मला सांगितलंय.”

त्यांनी सुनीताला जे सांगितलं ते असं. थोरल्या ताईंनी त्या दिवशी सकाळी काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. दुपारी त्या गेल्या. सांबाऱ्याचा डबा फ्रिजमध्ये राहिला. दिवसकार्याला आलेल्या नातेवाइकांनी फ्रिज साफ करायला घेतला, तेव्हा कोणीतरी तो डबा बाहेर काढला. ताईंनी हातातून काढून घेतला आणि परत आत ठेवला. सगळे आपापल्या घरी गेले. डबा तिथेच. खाता येण्याचे दिवस कधीच उलटून गेले होते, बुरशी आली, वास येऊ लागला. “रोज उघडायचे आणि बंद करायचे,” ताईंनी सुनीताला सांगितलं. “तिच्या हातचं शेवटचं ते. कचऱ्याच्या गाडीत कसं टाकू गं? ती गाडी कुठे जाते, कशाकशाबरोबर जाते.”

शेवटी त्यांनी बाल्कनीतली एक कुंडी रिकामी केली. कढीपत्ता जळून गेलेली. तिच्यात ते सांबारं ओतलं, वर माती लोटली. दोन-तीन महिन्यांनी सहज उकरून बघितलं तर सांबारं नव्हतं. माती होती, काळी, मोकळी, वासही मातीचा. “मला इतकं बरं वाटलं,” त्या म्हणाल्या, “तुला काय सांगू. म्हटलं, हे असं होतं तर.” तीच माती त्यांनी नंतर पिंपात घातली. विरजण लावतात तसं.

गच्चीवरची पिंपं त्या विरजणावर चालली होती, हे बिल्डिंगमध्ये सुनीताला आणि मला सोडून कोणालाही ठाऊक नव्हतं.

गडबड त्या पावसाळ्यानंतर झाली. ताईंचं ऐकून आणखी घरांनी पिंपात टाकायला सुरुवात केली होती, पण ताईंना न विचारता. त्यात केकचे तुकडे, चिकनची हाडं, प्लॅस्टिकचे चमचे. अळ्या झाल्या, वास सुटला. चौथ्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली. नेमक्या तेव्हा ताई थोरलीच्या वर्षश्राद्धाला कुडाळकडे गावी गेल्या होत्या. आमचे सेक्रेटरी दळवी, औषधांच्या कंपनीत मॅनेजर, सरळ माणूस, पण त्यांना सगळं चटकन उरकायची सवय. पहिल्या मजल्यावर कोणाचं तरी बाथरूम फोडायचं काम चालू होतं, डेब्रिज न्यायला टेम्पो आला होता. दळवींनी त्याच टेम्पोत दोन्ही पिंपं रिकामी करवली. गच्ची फिनाइलने धुवून घेतली. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा जिन्यात फिनाइलचा वास होता.

सुनीता दळवींवर भडकली. “दोन दिवस थांबायला काय झालं होतं? त्या येणारच होत्या ना!”

“वहिनी, घाण झाली होती हो सगळी,” दळवी म्हणाले. “ताईंना मी समजावेन. नवीन पिंपं आणून देतो, सोसायटीकडून.”

ताई दुसऱ्या दिवशी आल्या. गाडीच्या प्रवासाने दमलेल्या, हातात गावच्या कोकमाची पिशवी. आधी घरात न जाता सरळ गच्चीवर गेल्या. आम्हाला वरून काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने खाली आल्या आणि आमची बेल वाजवली. खालून दळवीही जिना चढून येत होते, त्यांना कोणीतरी कळवलं असावं.

“पिंपं रिकामी आहेत,” ताई म्हणाल्या.

दळवींनी सगळं सांगितलं. अळ्या, तक्रार, टेम्पो. नव्या पिंपांचंही सांगितलं. ताई ऐकत होत्या. भांडतील असं आम्हाला वाटत होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“त्यातली माती कुठे गेली?” एवढंच विचारलं.

दळवींनी तिथेच उभं राहून टेम्पोवाल्याला फोन लावला. बोलणं झालं. फोन खिशात ठेवत म्हणाले, “खाडीच्या बाजूला टाकली म्हणतोय. भरणी चालते तिकडे.”

“खाडीला?”

“हो. सॉरी ताई. मला कल्पना नव्हती तुम्हाला मातीचं एवढं...”

“तुम्हाला कशी असणार,” ताई म्हणाल्या. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “खाडीला गेली तर ठीक आहे. तिच्या अस्थीही पाण्यातच सोडल्या होत्या.”

आणि कुलूप उघडून घरात गेल्या. दळवींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. सुनीता त्यांना आमच्या घरात घेऊन गेली, बसवलं आणि सगळं सांगितलं. दळवी खुर्चीच्या टोकाला बसून ऐकत राहिले. चहा ठेवला होता, तो त्यांनी घेतला नाही.

त्यानंतर बरेच दिवस ताईंनी कोणाची बेल वाजवली नाही. दोरीवर पिशव्या वाळत नव्हत्या. दार अर्धवट उघडून दूध घ्यायच्या, लावायच्या. सुनीता दोनदा अर्धी कोथिंबीर घेऊन गेली. “आहे गं माझ्याकडे,” म्हणाल्या. नसणार. जिन्यात पिशव्या आता बिनधास्त उतरू लागल्या. कोणी विचारणारं नव्हतं.

मग एका सकाळी मी ऑफिसला निघालो तर समोरच्या दारात दळवी उभे. हातात झाकणाचा डबा. बेल वाजवून झाली होती. ताईंनी दार उघडलं. मी बूट घालत होतो, तो घालतच राहिलो.

“काय आहे?” ताईंनी विचारलं.

दळवींनी घसा साफ केला. शाळेत उभं केल्यासारखे म्हणाले, “वाटाण्याची टरफलं. संत्र्यांची सालं. चहाचा चोथा. आणि... फुलकोबीचे दांडे, ते मिसेस म्हणाल्या भाजीत घालता येतात, पण मला आवडत नाहीत.”

“दांड्यांची भाजी चांगली होते,” ताई म्हणाल्या. “बारीक चिरायचे.”

“हो?”

“द्या इकडे.”

डबा घेतला. दांडे वेगळे काढले. बाकीचं बाल्कनीतल्या एका कुंडीत गेलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात दळवींना रिकामा डबा धुवून परत मिळाला, आणि वर एका वाटीत दांड्यांची भाजी. ती त्यांनी खाल्ली, असं ते सांगतात. पिंपं पुन्हा गच्चीवर ठेवली गेली, यावेळी झाकणावर ताईंच्या अक्षरात काय टाकायचं नाही ते लिहिलेलं. काम पुन्हा सुरू झालं. पण गच्चीवर त्या आता गप्प असायच्या. मी दोनदा मुद्दाम ऐकलं. काठी फिरवायच्या, भुसा टाकायच्या, झाकण लावायच्या. “माई” पुन्हा ऐकू आलं नाही.

एक-दोन वर्षं अशी गेली. मग रिडेव्हलपमेंट आली. आमच्याकडे ती येते तशीच आली. आधी नुसती चर्चा, मग बिल्डर, मग सह्या, आणि एक दिवस सगळ्यांना घरं रिकामी करायची. लोक भाड्याच्या घरांत पांगले. आम्ही नाहूरला गेलो, दळवी ठाण्याला. ताईंच्या चुलतभावाच्या मुलाने कांदिवलीला गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन ठेवला होता, रिकामा. तो म्हणाला, आत्या, तिकडे राहा, भाडं कशाला. सोयीचं होतं. पण कांदिवली म्हणजे मुलुंडच्या माणसाला दुसरं गावच. “तुम्ही येत राहा,” त्या म्हणाल्या. आम्ही “हो हो” म्हणालो.

निघण्याच्या दिवशी टेम्पोत सामान चढत असताना त्या गच्चीवर गेल्या. येताना रिकाम्या हातांनी आल्या. “माती घेत नाही?” मी विचारलं. “इथली झाडं तोडतील, तोवर त्यांना होईल,” म्हणाल्या. कंपाउंडच्या आंब्याच्या बुंध्याशी सगळी ओतून आल्या होत्या. झाड तोडलं जाणार हे ठरलेलं होतं. त्यांनाही माहीत होतं.

कांदिवलीला मी एकटाच गेलो, एका शनिवारी, बोरिवलीला काम होतं म्हणून. सुनीताला ताप होता. ती शेवटची भेट ठरली. उंच टॉवर, गेटवर टॅबलेटवर माझा फोटो काढला, वर फोन करून विचारलं, मग आत सोडलं. चौदावा मजला. लांब पॅसेज, सगळी दारं सारखी, बंद. ताई दार उघडून उभ्या होत्या. बारीक झाल्या होत्या.

“ये रे. किती वेळ लागला तुला वर यायला!”

घर स्वच्छ, मोठं, रिकामं. थोरल्या ताईंचा फोटो टीव्हीच्या जागी, कारण टीव्ही आणला नव्हता. त्यांनी जेवण केलं होतं. भात, कुळथाची पिठी, सुकट, वाल. मी आग्रहाची वाट न बघता दोनदा भात घेतला. त्या समोर बसून बघत होत्या, मध्येच माझ्या ताटात पापड ठेवत होत्या. सगळं संपलं. भांड्यात काही उरलं नाही. “बघ,” म्हणाल्या, “आज कसं बरोबर झालं.”

“शेजारी कोण आहेत?” मी विचारलं.

“आहेत कोणीतरी. दोघं नोकरी करतात. एकदा बेल वाजवली होती, तर आतून विचारलं, कोणाचं पार्सल आहे.” हसल्या. मग उठून म्हणाल्या, “ये, तुला एक गंमत दाखवते.”

पॅसेजच्या टोकाला भिंतीत एक लोखंडी झडप होती. त्यांनी ती उघडली. आत काळोख. “इथे सोडायचं. थेट खाली. कोणी बघत नाही, कोणी विचारत नाही.” आम्ही दोघं थोडा वेळ त्या काळोखात बघत उभे राहिलो. खालून कोणीतरी कचऱ्यात टाकलेली बाटली आपटत गेल्याचा आवाज आला, खूप वेळ येत राहिला. त्यांनी झडप बंद केली.

“तुम्ही काय करता मग?”

“बाल्कनीत एक कुंडी ठेवलीय. पण वारा फार आहे इथे. सुकून जातं, कुजत नाही.”

निघताना म्हणाल्या, “सुनीताला म्हणावं, बरी झाली की ये. दिवसभर ये.” मी हो म्हणालो. त्या लिफ्टपर्यंत आल्या. “नमस्कार करतो,” म्हणून मी वाकलो, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटल्या, “बरो ऱ्हव रे.” मालवणीत. माझ्याशी त्या आधी कधी मालवणी बोलल्या नव्हत्या. तेवढ्यात लिफ्ट आली.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर दळवींचा मेसेज आला. ताई झोपेतच गेल्या होत्या. त्यांच्या भाच्याला दुसऱ्या दिवशी कळलं. सुनीता तिकडे जाऊ शकली नव्हती, आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेलं होतं. तिने मेसेज वाचला आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

मला मात्र त्या शनिवारचं, कांदिवलीच्या गेटबाहेरचं आठवतं. मी रिक्षासाठी थांबलो होतो. वर बघितलं. टॉवरला बाल्कन्याच बाल्कन्या, एकावर एक, सगळ्या सारख्या, काचेच्या कठड्याच्या. मी खालून मजले मोजायला लागलो, पण ऊन थेट डोळ्यांवर येत होतं आणि नवव्या-दहाव्याच्या पुढे घोटाळा व्हायचा. पुन्हा मोजले. तेवढ्यात खूप वर एका बाल्कनीत एक लहानशी आकृती दिसली आणि तिचा हात हलला. ती कोणालाही हात करत असेल. कदाचित कपडे झटकत असेल. चौदावा मजला तोच होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मी हात वर केला आणि रिक्षा येईपर्यंत हलवत राहिलो.